वेदीवरचा निखारा

आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. आदल्या शनिवारी आजी गप्प गप्प असायची. बाजाराची पिशवी चुलीजवळ तशीच ठेवून ओट्यावर बसायची आणि महिनाभरात कोणाला काय बोललो, कोणाचं काय देणं राहिलं, ते आठवत राहायची. एकदा तिचं आणि तिच्या धाकट्या जावेचं विहिरीच्या पाण्यावरून कडाक्याचं वाजलं होतं. पाळी कोणाची, रात्रीच्या लाइटीला मोटर कोणी बंद केली, असलंच काहीतरी. पंधरा दिवस अबोला होता. त्या शनिवारी दिवेलागणीला आजी उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि बांध ओलांडून जावेच्या घराकडे निघाली. मी तिच्या मागे. जाऊ दारातच उभी होती. आजी म्हणाली, ‘उद्याचं मेज त्याचं आहे. हा राग घेऊन मी तिथं हात पुढं करायची नाही.’ जाऊ काही न बोलता आत गेली आणि चहा टाकला. कप हातात देताना म्हणाली, ‘आक्का, मी तुमच्याकडंच निघाले होते.’

आजीची शाळा तिसरीपर्यंत झालेली. पण परमेश्वराच्या पवित्रतेचा आणि कृपेचा जो संबंध तिला ठाऊक होता, तो आज आमच्या मंडळ्यांच्या हातून सुटत चालला आहे असं मला वाटतं. तो का सुटता कामा नये, हे इथे मांडायचं आहे.

आज आमच्याकडे ढोबळमानाने दोन प्रकारचे उपदेश ऐकू येतात. एका ठिकाणी पवित्रता म्हणजे यादी: टिकली नको, दागिना नको, सिनेमा नको, अमक्याच्या लग्नाला जेवायला नको. यादी पाळणारा आतला, न पाळणारा बाहेरचा. दुसऱ्या ठिकाणी पवित्रतेचा शब्दच निघत नाही. तिथे आशीर्वाद आहे, चमत्कार आहे, नोकरी आहे, व्हिसा आहे आणि ‘तू जसा आहेस तसा ये’ हे आमंत्रण आहे. आमंत्रण खरं आहे. पण आल्यावर कोणासमोर उभं राहायचं आहे, ते कोणी सांगत नाही. वरवर पाहता हे दोन उपदेश एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण समजूत दोघांची एकच: पवित्रता आणि कृपा ही तराजूची दोन पारडी आहेत, एक खाली गेलं की दुसरं वर जाणार. मग एक जण पवित्रता राखण्यासाठी कृपेला आवर घालतो, दुसरा कृपा वाढवण्यासाठी पवित्रतेची धार बोथट करतो.

ही समजूत पक्की होण्यात आपल्या भाषेचाही वाटा आहे. मराठीत ‘पवित्र’ म्हटलं की मागोमाग ‘सोवळं’ ऐकू येतं. सोवळ्याला सतत जपावं लागतं. उंच काठीवर वाळत घातलेलं लुगडं, ओलेत्यानं भरलेली घागर, ‘शिवू नकोस’. त्या जगात शुद्ध ते कायम धोक्यात असतं आणि अशुद्ध ते कायम वरचढ, कारण एका स्पर्शानं शुद्धाचं अशुद्ध होतं, उलट कधीच होत नाही. महाराष्ट्रातल्या आम्हा ख्रिस्ती लोकांतल्या कित्येकांचे पणजोबा-पणज्या त्या ‘शिवू नकोस’च्या पलीकडे उभे केलेले होते. ‘देव पवित्र आहे’ हे वाक्य त्यांच्या वंशजाच्या कानावर पडतं तेव्हा आत कुठेतरी एक जुनं दार लागल्याचा आवाज येतो. त्यामुळे पवित्रतेविषयी बोलायला संकोचणाऱ्या पाळकांना मी दोष देत नाही. त्यांनी तो शब्द सोडून देऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

बायबलच्या पहिल्या भागात, जुन्या करारातही स्पर्शाचे नियम आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. हाग्गय संदेष्टा याजकांना एक प्रश्न घालतो. वस्त्राच्या पदरात पवित्र मांस बांधलं आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकर पवित्र होईल का? याजक म्हणतात, नाही. आणि प्रेताला शिवलेल्या माणसानं तिला हात लावला तर? याजक म्हणतात, अशुद्ध होईल. म्हणजे लागट आहे ती अशुद्धता. त्यातल्याच लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायात रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीच्या अंथरुणाला शिवणारासुद्धा संध्याकाळपर्यंत अशुद्ध ठरतो. हे सगळं डोक्यात ठेवून मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचावा. बारा वर्षं रक्तस्राव होत असलेली एक बाई, वैद्यांपायी होतं नव्हतं ते सगळं खर्चून बसलेली, गर्दीत मागून येते आणि येशूच्या वस्त्राला हात लावते. नियमाप्रमाणे तिच्या स्पर्शानं तो अशुद्ध व्हायला हवा होता. घडतं ते असं की त्याच्यातून शक्ती निघते आणि तिचा स्राव थांबतो. ती थरथर कापत पुढे येते, आणि तो सगळ्यांदेखत तिला ‘मुली’ अशी हाक मारतो. ‘कावळा शिवला’ म्हणून बायकांना चार-चार दिवस बाजूला बसवणाऱ्या गावात आमच्या पणज्यांनी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हा विचार मी पुष्कळदा करतो.

काही जण म्हणतात, येशूनं पवित्रतेचे नियम सैल केले. मला ते पटत नाही. नुसते नियम सैल केले असते तर त्या बाईला कोणी हिणवलं नसतं, पण तिचं रक्त वाहतच राहिलं असतं. ती बरी झाली, कारण तिच्यासमोर असलेली पवित्रता अंग चोरणारी नव्हती. महारोग्याला त्यानं हात लावला तेव्हाही हेच झालं. शुद्ध ते अशुद्धाकडे गेलं आणि पहिल्यांदाच शुद्धाचा संसर्ग अशुद्धाला झाला. कृपा म्हणतात ती हीच, आणि ती पवित्रतेतूनच निघाली आहे.

याचं मूळ पाहायचं तर यशया संदेष्ट्याकडे जावं लागतं. ‘उज्जीया राजा मेला त्या वर्षी’ असं तो आपल्या दर्शनाचं साल सांगतो, इ. स. पू. 740 च्या सुमाराचं. हे साल उगाच सांगितलेलं नाही. उज्जीया मोठा पराक्रमी राजा होता, पण यशानं उन्मत्त झाला, याजकांना न जुमानता धूप जाळायला मंदिरात घुसला आणि तिथेच त्याच्या कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला. पवित्रतेवर आपला हक्क आहे असं समजून आत शिरलेला राजा गेला, त्याच वर्षी यशयाला सिंहासनावर बसलेला प्रभू दिसतो. सेराफीम, म्हणजे सिंहासनाजवळचे पंख असलेले स्वर्गीय सेवक, तोंडं झाकून एकमेकांना हाका मारताहेत, पवित्र, पवित्र, पवित्र. दाराचे उंबरठे हादरताहेत, मंदिर धुरानं भरलं आहे.

आता एक पान मागे जाऊ. पाचव्या अध्यायात यशयानं सहा वेळा ‘हाय हाय’ म्हटलं आहे आणि सहाही वेळा दुसऱ्यांना: घराला घर आणि शेताला शेत जोडत सुटलेल्यांना, पहाटेपासून मद्याच्या मागे धावणाऱ्यांना, वाइटाला बरं म्हणणाऱ्यांना, लाच घेऊन दुष्टाला सोडणाऱ्यांना. एकही शब्द खोटा नाही. पण सातवा ‘हाय हाय’ येतो तो सहाव्या अध्यायात, आणि तो त्याच्या स्वतःवर. मी अशुद्ध ओठांचा मनुष्य आहे, तो म्हणतो. ज्या ओठांनी त्यानं दुसऱ्यांची पापं बरोबर मोजली, तेच ओठ. समाजावर टीका करून करून कोणाला आपले ओठ अशुद्ध दिसत नाहीत, त्यासाठी त्या सिंहासनासमोर यावं लागतं. सोशल मीडियावर रोज सहा ‘हाय हाय’ लिहिणाऱ्या आपल्या पिढीनं इथे जरा थांबावं.

मग काय होतं? यशया क्षमा मागतसुद्धा नाही. एक सेराफीम चिमट्यानं निखारा उचलतो आणि उडत त्याच्याकडे येतो. निखारा कुठला? वेदीवरचा. म्हणजे ज्या मंदिराच्या धुरानं त्याचा जीव घाबरला, त्याच मंदिराच्या आगीतला. तो ओठांना लावला जातो, आणि ‘तुझा दोष दूर झाला, तुझ्या पापाचं प्रायश्चित्त झालं’ असं त्याला सांगितलं जातं. पोळणारी आग आणि शुद्ध करणारी आग वेगवेगळ्या ठिकाणाहून आणलेली नाही. ही आग विझवली तर भीती जाईल हे खरं, पण मग चिमट्यात धरायला निखाराही उरणार नाही.

लेवीयच्या 19 व्या अध्यायात ‘मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा’ असं म्हटल्यावर पुढे काय येतं, तेही बघण्यासारखं आहे. शेताच्या कडा पार कापू नका. सरवा वेचू नका, तो गरिबांना आणि परक्यांना राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नका. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. खरी मापं, खरी वजनं ठेवा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, हे येशूनं उद्धृत केलेलं वचनही याच अध्यायातलं. पवित्र देवाला मजुराची संध्याकाळ दिसते. जो देव हे सगळं बघतो, त्याच्यापुढे ‘मी कोणाचं काही वाईट केलं नाही’ असं छातीवर हात ठेवून सांगणं मला तरी जमणार नाही.

जर्मनीतल्या एर्फुर्टच्या मठात मार्टिन ल्यूथर नावाचा तरुण संन्यासी याच देवासमोर सैरभैर झाला होता. तो तास-तास पापांगीकार करत बसे आणि उठल्यावर त्याला राहिलेलं काहीतरी आठवे. ‘देवाची नीतिमत्ता’ हा शब्दच आपल्याला नकोसा होता, असं त्यानं उतारवयात लिहून ठेवलं आहे. बायबलातल्या, पौल या प्रेषितानं लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातलं सतरावं वचन घोळवता घोळवता त्याला उमगलं, की ही नीतिमत्ता देव मागतो तशी देतोही. देवाला कमी पवित्र मानायची पळवाट त्यालाही मोकळी होती. ती त्यानं घेतली नाही, म्हणूनच त्याला कृपा सापडली.

आपल्या मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1858 साली जन्मलेल्या, शास्त्र्यांच्या घरात वाढलेल्या, हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत असलेल्या रमाबाई आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थ हिंडल्या. पुण्य जोडण्यात कुटुंबानं कसर ठेवली नव्हती. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. पुढे इंग्लंडला गेल्यावर त्यांनी लंडनजवळ फुलम इथे, समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनी चालवत असलेलं काम पाहिलं. अशा स्त्रियांची इतक्या मायेनं काळजी घ्यावी, असं या लोकांना का वाटतं? त्यांनी शिकवणाऱ्या भगिनीला विचारलं. भगिनीनं योहानाच्या शुभवर्तमानातली, यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोनी लोकांतल्या एका स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर एकटी आलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. तो तिच्या पाच नवऱ्यांचा विषय टाळत नाही आणि तिच्या हातचं पाणीही टाळत नाही. 29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

आमच्या उपदेशांत गोष्ट बहुधा इथे संपवतात. रमाबाईंनी स्वतः ती इथे संपवलेली नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं, आणि हे त्यांना कळलं ते बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. तोवर शारदासदन उभं राहिलं होतं, अमेरिकेत व्याख्यानं झाली होती, देशभर नाव झालं होतं. इतकं पदरी असताना आपण पापी आहोत आणि आपल्याकडे द्यायला काही नाही असं म्हणायला केवढं धैर्य लागलं असेल! तीर्थयात्रांचं पुण्य जसं पुरलं नाही, तसं समाजसेवेचं पुण्यही पुरणार नाही, हे त्या पवित्र देवासमोर उभ्या राहिल्या म्हणून त्यांना दिसलं. आणि त्यानंतर त्या थकल्या नाहीत, उलट दुष्काळातल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्तिसदनात आल्या. तिथे फसवल्या गेलेल्या, टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी जे वेगळं घर उभारलं, त्याचं नाव कृपासदन. सोवळ्यात वाढलेल्या बाईनं आपल्या अंगणातल्या घराला हे नाव द्यावं, यात मला सगळं आलं असं वाटतं.

1905 च्या जूनअखेर मुक्तिसदनात संजीवन झालं, म्हणजे विश्वासाला नव्यानं जाग आली. मुली रडत, मोठ्यानं पापं कबूल करत प्रार्थना करू लागल्या. एका रात्री एका मुलीभोवती आग दिसली म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असं त्या वेळच्या वृत्तांतात आहे. त्या प्रसंगाचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा. माझं लक्ष त्या बादलीकडे जातं. आग लागली असं वाटून विझवायला धावणं हा चांगल्या माणसाचा सहज स्वभाव आहे, आणि आमचे भले पाळकही बहुतेक अशाच भलेपणानं बादली घेऊन धावताहेत.

माझे हिंदू मित्र इथे एक रास्त प्रश्न विचारतात. देव एवढा दयाळू, तर सरळ माफ का करत नाही? वधस्तंभ कशासाठी? मी त्यांना वाण्याच्या वहीचं उदाहरण देतो. वाण्यानं कोणाची उधारी माफ केली म्हणजे ती रक्कम हवेत विरत नाही. गिऱ्हाइकाच्या नावावरून ती निघते आणि वाण्याच्या अंगावर पडते. माफी फुकट मिळते ती घेणाऱ्याला, देणारा ती भरत असतो. लबाडी, छळ, मजुराची बुडवलेली मजुरी, हे ‘असू दे’ म्हणून पुसून टाकणारा देव ज्याची मजुरी बुडाली त्याचा देव कसा होईल? वधस्तंभावर देव पापाला पाप म्हणतो आणि त्याची किंमत स्वतः भरतो, असा ख्रिस्ती विश्वास आहे. पौल रोमकरांस लिहिताना म्हणतो की देव नीतिमान राहिला आणि नीतिमान ठरवणाराही झाला. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या राहाव्यात म्हणून ते मरण होतं.

पवित्रतेच्या नावाखाली माणसांना भीती घालून दाबून ठेवलं गेलं आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. मी तशी माणसं पाहिली आहेत. प्रार्थनेत हात थरथरणारी, आजार आला की ‘कोणतं पाप नडलं’ म्हणून रात्र जागून काढणारी. पण त्यांना भीती घातली ती माणसांनी, आणि बहुधा स्वतःची पापं न मोजणाऱ्या माणसांनी. यशयासमोर पापांची यादी कोणी वाचली नाही, त्याला ताटकळत ठेवलं नाही, वर्गणी मागितली नाही. पेत्र नावाचा कोळी मासे भरलेल्या होडीत येशूच्या पाया पडून ‘माझ्यापासून निघून जा, मी पापी आहे’ म्हणाला, तेव्हा येशू गेला नाही. ‘भिऊ नकोस’ म्हणाला आणि त्याला काम दिलं. उपदेश ऐकणारा भीतीतच अडकून पडत असेल, तर तो उपदेश देवाच्या पवित्रतेचा नव्हता, उपदेशकाच्या अधिकाराचा होता.

पण दुसऱ्या बाजूचं नुकसान आमच्या लक्षातच येत नाही, आणि माझ्या मते आज ते जास्त मोठं आहे. एका मंडळीत विधवांच्या मदतनिधीचा हिशेब जुळेना. कमिटीची बैठक झाली. पैसे कोणाकडे गेले ते सगळ्यांना समजलं होतं. अर्ध्या तासात एक जण म्हणाले, ‘आपण कृपेखाली आहोत. झालं गेलं विसरू.’ प्रार्थना झाली, चहा झाला. मी त्या बैठकीत होतो आणि ठरावाच्या बाजूनं मीही हात वर केला. ज्या बाईच्या शिलाई मशीनचा हप्ता त्या निधीतून जायचा होता, तिला कोणी बोलावलं नव्हतं. आठ दिवसांनी मशीन उचलून नेलं, आणि वर तिलाच सांगितलं गेलं की मनात कटुता ठेवू नकोस, क्षमा कर.

आम्ही त्या दिवशी जे वाटलं त्याला कृपा म्हणण्याची मला आता लाज वाटते. बायबलातल्या जक्कय या जकातदाराच्या घरी येशू आधी गेला, काही अट न घालता गेला, हे खरंच आहे. पण ती कृपा घरात आल्यावर जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो. या घराला आज तारण प्राप्त झालं, असं येशू म्हणाला ते हे ऐकून. आमच्या बैठकीत कोणी उभं राहिलं नाही, वही उघडली नाही, आकडा उच्चारला नाही. ज्याच्या हातून चूक झाली त्यालाही आम्ही काही दिलं नाही. त्याला निखारा लागलाच नाही, त्याचे ओठ जसेच्या तसे आहेत. आणि त्या बाईपर्यंत पोहोचला असेल तो एकच निरोप, की इथल्या देवाला तिची मजुरी दिसत नाही.

ती अजून येते. शेवटच्या बाकावर बसते. गेल्या पहिल्या रविवारी भाकरीचं तबक तिच्यापर्यंत गेलं, तिनं ते शेजारणीकडे सरकवलं आणि मान खाली घातली. येत्या शनिवारी संध्याकाळी मी निधीची वही घेऊन तिच्या घरी जाणार आहे. कमिटीतल्या बाकीच्या सहा जणांना फोन केले. दोघे येतो म्हणाले.